अंबाजोगाईचं चाचाचं दुकान बंद झालं, मृदंगाची पुडी आता कुठं बसवावी?

केजकर_मृदंग (प्रश्न)

राम कृष्ण हरी मंडळी.

मी केज तालुक्यातला, अंबाजोगाईच्या वाटेवरचं गाव आमचं. भजनी मंडळात मृदंग मी वाजवतो, माझ्याआधी वडील वाजवायचे. मृदंगही त्यांचाच, खैराचं खोड. दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आलाय आणि मृदंगाच्या पुडीवरच्या, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावरच्या, शाईची (मधल्या काळ्या गोलाची) खपली निघालीय.

निघाली ती काकड्यात. पहाटेचे साडेचार, मारुतीच्या पारावर गारठा, टाळकरी सहाच. वाजवताना हाताखाली खरखर लागली. बोट फिरवून बघितलं तर शाईच्या काठचा नखाएवढा तुकडा गेलेला. तेव्हापासून 'ता' वाजवला की आत माशी अडकल्यासारखा आवाज येतो. पौर्णिमेपर्यंत तसंच रेटलं.

सोयाबीन घालायला मोंढ्यात गेलो तेव्हा पोत्यांवर गोधडीत गुंडाळून मृदंगही नेला. मालाची पट्टी घेतली आणि चाचाच्या वाद्यांच्या दुकानाकडं निघालो. त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं. आधी वाटलं मी एक गल्ली चुकलो. पुढं जाऊन परत आलो. तीच पायरी होती, मधोमध झिजलेली. शेजारचा चहावाला म्हणाला, पाडव्याच्या आधीच जागा सोडली त्यांनी, लेकीकडं गेले, कुठल्या गावाला ते माहीत नाही.

ज्यांनी ते दुकान बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुंदीला दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढंच. वर दोरीला दिमड्या, डफ, हलगीची कडी टांगलेली. कोपऱ्यात तुणतुणी, गोंधळ्यांचे संबळ, दुरुस्तीला आलेल्या शाळांच्या हार्मोनियमच्या पेट्या. कातड्याचा आणि ओल्या वादीचा, म्हणजे पुडी ताणायच्या चामड्याच्या पट्टीचा, वास रस्त्यापर्यंत यायचा. दुकानावर पाटी नव्हती. सगळे चाचाचं दुकान म्हणायचे.

वडिलांनी तिथून हा मृदंग घेतला भूकंपाच्या पुढच्या साली, म्हणजे 1994 ला. मी चौथीत होतो. तेव्हा कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी होती, कापूस घातला तरी पैसा हप्त्याहप्त्यानं यायचा. चाचांनीही हप्ते तसेच बांधून दिले. कापसाचा पैसा आला की चाचाचा हप्ता. वहीत वडिलांच्या नावापुढं गावाचं नाव, बाकी काही नाही. ना सही, ना जामीन.

त्याच दिवशी मंडळाचे टाळही घेतले. चाचा टाळाचा एक जोड उचलायचे, काठाला काठ लावायचे आणि हात वर धरून थांबायचे. वडील म्हणाले, चांगलाय, द्या. चाचा म्हणाले, "पूरा सुन, फिर बोल." नाद पार विरेपर्यंत त्यांनी आम्हाला बोलू दिलं नाही. मग दुसरा जोड, मग तिसरा. असे चौदा जोड आम्ही विरेपर्यंत ऐकले. काशाचा टाळ आणि नुसत्या पितळेचा टाळ यांत काय फरक असतो ते मला त्या दुपारी कळलं. काशात तांब्याबरोबर कथील असतं, त्यानं नाद लांब जातो. पण हे कारण मला नंतर कळलं, कानाला आधी कळलं.

आता दुकानाचं काय ते पुढं बोलू, आधी पुडी. भाच्यानं मोबाईलवरून तयार पुडी मागवून दिली. इंचाचं माप बरोबर होतं. मी आणि गावातला एक सुतार, दोघांनी मिळून वाद्या ओढल्या. वाद्यांमधल्या सोळा घरांतली चार घरं एका सुरात आणि बाकीची बारा भलतीकडं. हातोडी पुडीच्या काठाच्या विणलेल्या गजऱ्यावर मारत बसलो, रात्री साडेदहापर्यंत. एका बाजूनं चढवलं की दुसऱ्या बाजूनं उतरायचं. शेवटी एक वादी तुटली आणि मी ती पुडी काढून ठेवली.

तर विचारायचं असं की, बीड, लातूर, परभणी, नांदेड या भागात जुन्या खोडावर पुडी बसवून देणारा, हातानं शाई भरणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? आणि तुमच्या गावच्या अशा दुकानांचं काय झालं तेही सांगा. आमच्याकडं हे एकच होतं. अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराजांचं, दासोपंतांचं गाव. तिथं मृदंगाची पुडी बसत नाही हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.


ढोलकी_परभणी

जय भीम दादा.

आमच्या परभणीतही जुनी दुकानं होती. कोपऱ्यावरच्या एका दुकानात मी लहानपणी ढोलकीला हात लावला. आता तिथं बँडचे ड्रेस भाड्यानं मिळतात.

मी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतो. 14 एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत आम्हाला उसंत नसते, एका रात्रीत दोन गावं होतात. एप्रिलच्या उन्हात वादीची ढोलकी दुपारी एका सुरात असते आणि रात्री स्टेजवर दुसऱ्याच सुरात असते. म्हणून मी सात वर्षांपूर्वी वादीऐवजी नटबोल्टनं ताणायच्या ढोलकीवर आलो. पाना लावला, दोन मिनिटांत सूर आला. पुडी फाटली तर दुसरी तयार चढवतो, कुणाची वाट बघावी लागत नाही. तुम्हीही मंडळासाठी नटबोल्टचा मृदंग बघा, सप्ताह तोंडावर आहे.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. मी नटबोल्ट घेतली आणि त्या दुकानात जाणं बंद झालं. माझ्यासारख्या तीसचाळीस जणांनी घेतली. आमच्याकडचा वादीचा धंदा आम्हीच कमी केला. नंतर पार्ट्यांत ऑक्टापॅड आला, ढोलकी आणि हलगी दोन्ही एकाच पॅडवर वाजायला लागली. आमच्या पार्टीतला बेंजोवाला म्हातारा झाला, त्याच्या जागी कीबोर्ड आला. मी कुणाला दोष देत नाही, रात्री एकला दुसऱ्या गावाला पोचायचं असतं. पण वादीच्या ढोलकीच्या धुमेला, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला, जो आवाज आहे तो पान्यानं येत नाही, हे मला रोज वाजवताना कळतं.


केजकर_मृदंग

जय भीम भाऊ. तुम्ही इतकं सरळ लिहिलं, बरं वाटलं. नटबोल्टचा मृदंग मी वाजवून बघितलाय. पारावर बसून ठीक आहे. पण आम्ही आषाढीला पायी जातो, तेव्हा मृदंग गळ्यात असतो आणि लोखंडाचं वजन दुसऱ्याच दिवशी मानेत उतरतं. शिवाय हे खोड चांगलंय. कुठं मोठा तडा नाही. पुडी नाही म्हणून खोड टाकून द्यायला मन तयार होत नाही.


नांदेड_पेटीवाला

केजकर दादा, मी दुकानदाराचाच मुलगा आहे. आमचं दुकान नांदेडला 41 वर्षं होतं. वडील पेट्या करायचे आणि तबल्याचं कामही घ्यायचे. 2021 च्या दिवाळीनंतर बंद केलं. आतली बाजू सांगतो.

आमच्याकडं गिऱ्हाईक चारी बाजूंनी यायचं. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे रागी यायचे, त्यांना पेटी आणि तबल्याची जोडी कायम चोख लागते. उरुसाच्या आधी कव्वाल यायचे. माळेगावच्या यात्रेच्या आधी पंधरा दिवस तमाशावाले आणि वाघ्ये यायचे. शाळा जूनमध्ये. भजनी मंडळं श्रावणात आणि सप्ताहाच्या दिवसांत. बाकावर रागी, कव्वाल आणि टाळकरी एकमेकांना जागा करून देत बसलेले मी बघितलेत. वडील आत पेटी उघडून बसलेले आणि बाहेर हे लोक एकमेकांना चाली ऐकवायचे.

आता हिशेबाचं. पेटी विकून आमचं घर कधी चाललं नाही. विक्रीत पाचसातशे सुटायचे. घर चालायचं ते दुरुस्तीवर. आणि दुरुस्तीला भाव देताना माणसाचा हात आखडतो. साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42 पट्ट्या, दोन ओळींची असली तर 84 सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळेच्या पट्ट्या. ते एकेक काढायचे, पुसायचे, वाजवून बघायचे. सूर उतरला असेल तर पितळेच्या पट्टीच्या टोकाकडं हलकी कानस मारायची म्हणजे चढतो. चढला असेल तर मुळाकडं मारायची म्हणजे उतरतो. एक फटका जास्त गेला की पट्टी बाद, आणि नवी येणार गुजरातमधल्या पालिताण्याहून. हे दीड दिवसाचं काम. गिऱ्हाईक म्हणायचं, नुसती धूळ काढायची त्याचे एवढे?

मग लोक मोबाईलवर भाव बघून यायला लागले. आम्हाला ठोकात ज्या भावानं पेटी पडायची त्याहून कमी भाव तिथं दिसायचा. लोक पेटी तिकडून घ्यायचे आणि सहा महिन्यांनी भाता गळतोय म्हणून आमच्याकडं आणायचे. वडिलांनी कधी कुणाला परत पाठवलं नाही. मी चिडायचो. ते म्हणायचे, पेटीचा काय दोष?

शेवटचा धक्का कोरोनाचा. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी पालख्या पंढरपूरला बसनं गेल्या. सप्ताह नाही, लग्न नाही, उरूस नाही, यात्रा नाही. शाळा बंद. दोन वर्षांत आमच्याकडं मोजून 11 पेट्या दुरुस्तीला आल्या. भाडं मात्र दर महिन्याला होतंच.

2023 ला मुक्तिसंग्राम दिनाच्याच दिवशी, 17 सप्टेंबरला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. मी यादी शोधून वाचली. 18 धंदे आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, न्हावी, खेळणी करणारासुद्धा आहे. वाद्य करणारा नाही. एकजण म्हणाला, सुतार म्हणून अर्ज भरा. वडील म्हणाले, मी सुतार नाही, आणि विषय तिथंच थांबला.

मी आता एका गोदामात हिशेब लिहितो. रविवारी घरी पेट्या करतो. वडील शेजारी बसून ऐकतात, सूर चुकला की बोट वर करतात.

तुमच्या कामाचं सांगतो. दुकान बंद झालं म्हणजे कारागीर गेला असं धरू नका. चाचांचा पत्ता बाजारात विचारू नका, बाजार लवकर विसरतो. कातडंवाल्याला विचारा. बकऱ्याचं कातडं पुडीला आणि म्हशीचं वादीला जो पुरवतो त्याचं उधारीचं खातं जुनं असतं, त्याला प्रत्येक कारागिराचं घर माहीत असतं. त्याच्याकडं नाही जमलं तर दर्ग्यावरच्या कव्वालांना विचारा, ढोलक कुठं भरता म्हणून. आणि काहीच नाही झालं तर सरळ पंढरपूर गाठा. तिथं मृदंग, वीणा, टाळ यांची दुकानं अजून आहेत. पण मृदंग सोबत न्या, नुसतं माप नेऊ नका. पुडी खोडावर बसवूनच सुरात येते.


रेणापूरची_ताई

मी लातूर जिल्ह्यातली. आमचं महिला भजनी मंडळ आहे, 13 जणी. मला इथं थोडं वेगळं बोलायचंय, कुणी राग मानू नका.

2016 मध्ये मी पेटी घ्यायला लातूरला एका दुकानात गेले. बरोबर हे होते. पेटी मी वाजवते, ह्यांना सा कुठला तेही माहीत नाही. दुकानदार सगळं ह्यांना दाखवत होता, भाव ह्यांना सांगत होता. मी म्हणलं, आम्ही काळी चारमध्ये गातो, त्या पट्टीत वरचे सूर मोकळे वाजतात का ते बघू द्या. तो ह्यांना म्हणाला, घरी नेऊन बघू द्या वहिनींना. मी तशीच उठून आले. म्हणून मग पेटी मोबाईलवरून मागवली. त्या वेळी मला फार मोकळं वाटलं होतं. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही.

पेटी आली. दिसायला देखणी. पावसाळा लागला आणि मधल्या सप्तकातला कोमल ग आपोआप वाजायला लागला. पट्टी दाबलेलीच नाही आणि सूर चालू. कंपनीला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, खोक्यात भरून परत पाठवा. ते मूळ खोकं मी पोळ्याच्या दिवशी चुलीत घातलेलं. शेवटी औशाकडचे एक जुने पेटीवाले काका घरी आले. त्यांनी पेटी उघडली, पट्टीखालचा ओलसर कागद काढला, स्प्रिंग थोडी वाकवली आणि मलाच म्हणाले, ताई, आता तुम्ही वाजवा, मी ऐकतो. मी अर्धा तास वाजवलं. ते डोळे मिटून बसले होते. पुढच्या वर्षी ते वारले. त्यांचं दुकान नव्हतंच कधी, पिशवीत हत्यारं घेऊन गावोगाव फिरायचे. त्यांच्यामागं त्या पिशवीला हात लावणारं कुणी नाही.

केजकर दादा, दुसरं म्हणजे सरकारचं बघा. 2025 च्या गणेशोत्सवाच्या वेळी राज्य सरकारनं 1800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार रुपये जाहीर केले होते, पेटी, मृदंग, वीणा, टाळ घेण्यासाठी. असं पुन्हा कधी निघालं तर नजर ठेवा, अर्ज ऑनलाइनच असतो. माझं म्हणणं एवढंच की तो पैसा खरेदीचा. आमच्या मंडळाला नवी पेटी नको आहे. आहे ती दोन वर्षांनी एकदा उघडून बघणारा माणूस पाहिजे, आणि त्यानं माझ्याशी बोलावं.


तबला_शिक्षक_संभाजीनगर

रेणापूरच्या ताईंनी लिहिलं ते फार खरं आहे. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींनाही दुकानात असाच अनुभव येतो, म्हणून मी हल्ली स्वतः बरोबर जातो.

मी 26 वर्षं तबला शिकवतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दरवर्षी मुलं बसवतो. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर असे परीक्षेचे हंगाम असतात, आणि पूर्वी त्याआधी पुडी बदलायला शहरातल्या दुकानांत नंबर लागायचे. आता मुलं ठेका आणि तानपुरा मोबाईलच्या ॲपवर लावतात. रियाजाला ते सोयीचं आहे, मीही वापरतो. पण विशारदपर्यंत पोचलेल्या मुलाला स्वतःचा तबला सुरात लावता येत नाही ही स्थिती मी बघतोय. कारण त्यानं तो लावताना कुणाला बघितलेलंच नाही. मी लहान असताना गुरुजी मला तबला घेऊन दुकानात पाठवायचे आणि सांगायचे, तिथंच बस, काम होईपर्यंत उठू नकोस. दोन तासांत जे बघायचो ते वर्गात कुणी शिकवलं नाही.

शाईबद्दल थोडं सांगतो, कारण लोकांना तो नुसता काळा ठिपका वाटतो. लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची किंवा पिठाची खळ मळून तो लगदा थराथरानं लावायचा. प्रत्येक थर गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटताना त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात, त्या पडायलाच लागतात. त्यामुळं शाई कातड्याबरोबर हलते, अडकून बसत नाही. साध्या ढोलाच्या कातड्यातून नुसता ठोका निघतो, तबल्या-मृदंगातून सूर निघतो, तो या शाईमुळं. सर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये याच गोष्टीवर लिहिलं होतं. मृदंग-तबल्याचे उपस्वर तंतुवाद्यासारखे जुळतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या कितीतरी आधीपासून चाचांसारखी माणसं ते हातानं करत आलीत.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. तिथं कारागिरांची अख्खी गल्ली आहे, पिढ्यान् पिढ्या. आपल्याकडं अशी गल्ली कधी नव्हती. आपल्याकडं एका तालुक्याला एक माणूस होता. त्यामुळं एक माणूस गेला की तालुका रिकामा होतो.

केजकर, माझा एक विद्यार्थी आहे, परळीचा. वाजवण्यापेक्षा तबला उघडण्यात त्याला जास्त गोडी. दोन पुड्या फाडून झाल्यात त्याच्या. चाचा सापडले तर मला कळवा. मुलाला मी पाठवतो, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च माझा.


केजकर_मृदंग

राम कृष्ण हरी. उशीर झाला लिहायला, ज्वारीची खुरपणी चालू होती.

चाचा सापडले. नांदेडच्या भावानं सांगितलं तसंच केलं. कातडंवाला जुन्या वस्तीत मागच्या बाजूला बसतो. नाव घेताच म्हणाला, परळीला आहेत लेकीकडं, माझे साडेआठशे बाकी आहेत त्यांच्याकडं, पण मागू नका. मी मागायचा प्रश्नच नव्हता, मी ते देऊन आलो. आमच्या वडिलांच्या हप्त्यांची आठवण होती मला.

परळीला गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात लिंबाचं झाड. चाचा बाजेवर बसलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा राहिलाय. मी कोण ते ओळखलं नाही. गोधडी सोडून मृदंग मांडीवर दिला. त्यांनी दोन्ही हातांनी खोड चाचपलं. आमच्या खोडाला धुमेच्या बाजूला एक खिळा आहे, 94 सालीच बारीक चीर दिसली म्हणून त्यांनीच ठोकलेला. तिथं अंगठा थांबला. म्हणाले, "केजकडचा ना तू? वडील?" मी सांगितलं, आठ वर्षं झाली जाऊन. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शाईवर नख फिरवलं, गजऱ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "हे कुणी ठोकलं? सगळी घरं बिघडवली." मी म्हणलं, मीच.

दुकान का सोडलं ते विचारलं. भाडं वाढलं हे एक. पण ते म्हणाले, शेवटच्या वर्षात दिवसदिवस कुणी यायचं नाही, आणि जो यायचा तो दारातूनच विचारायचा, तयार आहे का? बसायचं कुणी नाही.

पुडी त्यांनी नऊ दिवसांत केली. सरांचा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी आला. कातडं भिजवणं, गजरा विणणं त्यानं केलं, चाचांनी सांगितलं तसं. शाईचे थर चाचांनी स्वतः लावले. घोटायला पोराला बसवलं आणि आपण कान लावून बसले. दगडाचा आवाज बदलला की "बस" म्हणायचे. दोन थर काढून टाकायला लावले त्याच्याकडून. पोरगं रडकुंडीला आलं होतं, पण उठलं नाही. मी दोनदा जाऊन आलो. परवा मृदंग घरी आणला. रात्री धुमेला कणीक लावून बसलो, आईला म्हणलं ऐक. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उंबऱ्यातच खाली बसली.

आता पुढचं. मंडळात बोलणं झालंय. सप्ताहाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी चाचा आणि ते पोरगं आमच्या गावात येणार आहेत, मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत बसतील. जीप आम्ही पाठवतोय. नांदेडचे भाऊ वडिलांना घेऊन एक दिवस येतो म्हणालेत, पेट्या ते बघतील. रेणापूरच्या ताई, तुमची पेटी घेऊन या, नांदेडचे काका तुमच्याशीच बोलतील, मी सांगून ठेवलंय. परभणीच्या भावांनी वादीची जुनी ढोलकी माळ्यावरून काढलीय असा निरोप आहे. जेवण सप्ताहाच्या पंगतीत. कामाचे पैसे कारागीर सांगतील ते, मंडळ मध्ये पडणार नाही, आणि कुणी घासाघीस करू नये ही विनंती.

आणायच्या आधी एवढं करा. धुमेवरची कणीक पूर्ण खरवडून, कोरड्या फडक्यानं पुसून आणा, ओली राहिली तर कातडं कुजतं आणि उंदीर लागतात. उन्हात वाळवू नका, सावलीत ठेवा. वाद्या स्वतः सैल करू नका. आणि तोंडाचं माप इथं लिहून ठेवा, म्हणजे कातडं त्या हिशेबानं आणता येईल. माप दोऱ्यानं घ्या, उभं वेगळं आणि आडवं वेगळं, कारण जुनं खोड पूर्ण गोल राहिलेलं नसतं.